मायेचा काटा

या, असे पुढं सरका. मागं भिंतीला टेकलात की डोळा लागतो आणि गोष्ट अर्धीच घरी जाते. आज आख्यान लावलंय ते देवादिकांचं नाही, राजेरजवाड्यांचंही नाही. विमानात बायकोशेजारी बसू पाहणाऱ्या एका माणसाचं आहे. हसा, हसून घ्या. पूर्वरंगात हसावंच. पुढं मी तुम्हाला फारसा हसवणार नाही.

तर हा माणूस म्हणजे अंबाजोगाईचे विश्वंभरबुवा सोनटक्के. नारदीय गादीचे कीर्तनकार, धिप्पाड अंगाचे, खर्जातल्या आवाजाचे. ख्याती करुणरसाची. बुवांनी वस्त्रहरण लावलं की बायका पदर तोंडाशी धरत, आणि पुढच्या रांगेतले फौजदारसाहेब उगाच चष्मा पुसत. बुवांचा डोळा मात्र कोरडा. ही त्यांच्या गुरूंची, नानाबुवांची शिकवण. “कीर्तनकार रडला की गळा दाटतो, गळा दाटला की सूर जातो, मग द्रौपदीची हाक वर पोचवायची कुणी?” असं नानाबुवा विचारत. युक्तीही त्यांचीच. उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबायचा, आत ताल मोजत राहायचा आणि मनाला बजावायचं की समोर द्रौपदी नाही, देवळाचा खांब आहे. हे बुवांना इतकं साधलं होतं की सख्ख्या भावाच्या सुतकातसुद्धा त्यांनी ठरलेलं कीर्तन उभं केलं आणि सूर हलू दिला नाही.

पेटीवर त्यांच्या पत्नी असत, नीलांबरीबाई. बुवांनी श्वास घेतला की पुढची ओळ कुठली ते ह्यांच्या बोटांना आधी कळे. मग हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी वार गेले, मग गल्ल्या गेल्या, मग एकदा भर कीर्तनात हात पट्ट्यांवर तसाच राहिला. लातूरच्या डॉक्टरांनी बुवांना बाजूला घेतलं.

“बुवा, नावं आधी जातात. माणूस सगळ्यात शेवटी जातो. आणि शेवटी शेवटी तो डोक्यात राहत नाही, सवयीत राहतो. तुम्ही दिवसातून दहादा हाक मारता, खांद्यावर शाल घालता, पाठीवर हात ठेवता. त्या धाग्याला धरून त्या तुम्हाला ओळखतायत. तेवढा धागा तुटू देऊ नका.”

बुवांनी मान डोलावली. धागा कसला तुटतोय, त्यांना वाटलं. चाळीस वर्षांचा पीळ आहे.

लेक केतकी ऑस्ट्रेलियात पर्थला. तिचं एकच पालुपद. “बाबा, आई मला ओळखतेय तोवर तिला इकडे आणा. मग आणून काय उपयोग?” परवानग्या आल्या, तिकिटं निघाली. आजार मात्र कुठंच सांगितला नव्हता. सांगितला असता तर विमान कंपनीनं सोबत पगारी परिचारिका मागितली असती, आणि तिकडच्या सरकारनं मुक्कामाची परवानगीच दिली नसती. म्हणजे नीलाबाईंना कुणाला काही न कळता, धड शहाण्या बाईसारखं पर्थला उतरवायचं होतं. आणि ते एकाच रीतीनं जमणार होतं. बुवा शेजारी असले की त्या शांत असत. बुवा दिसले नाहीत की त्यांचा जीव घाबरा होई, त्या उठून वाट फुटेल तिकडे चालू लागत. काशीला जाताना विमानात तसंच झालं होतं. त्यांना पुढं बसवलं आणि बुवांना शेपटाकडे. सगळ्या वाटेवर त्या रडत, प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडे बघत फिरल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, नवराबायकोला शेजारी बसवायला कंपनीचं काय जात होतं? ऐका, इथंच ग्यानबाची मेख आहे.

पूर्वी खिडकीपाशी बसायचं तर वरचे पैसे पडत. मग पाय लांब करायचे पैसे आले, मग लवकर उतरायचे आले. माणसं कुरकुरली आणि भरत गेली. मग मरुत एअर नावाच्या कंपनीच्या ध्यानात आलं की खिडकीहून महाग एक गोष्ट आपण फुकट वाटतोय. ती म्हणजे आपलं माणूस शेजारी असणं. पण कुणाला कोण किती आपलं, हे ओळखायचं कसं?

ते काम यंत्रानं केलं. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते. तुम्हाआम्हाला दिसत नाही, पण चांगल्या कॅमेऱ्याला रंगातला तेवढा फरक दिसतो. छातीचा भाता किती हलला, तेही अंगाला हात न लावता रडारच्या लहरींनी मोजता येतं. आणि वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या माणसांचे ठोके आणि श्वास एकमेकांकडे कलतात, एकाला ठेच लागली की दुसऱ्याचा ठोका चुकतो. विमानतळावर एक लांबट बोळ बांधला होता. त्यात दोघांपैकी एक पुढं गेला की मध्येच काचेचं दार लागे, आणि काचेच्या दोन्ही बाजूंना काळीज कसं उडतं ते यंत्र टिपून घेई. त्यावरून ओढीचा आकडा निघे. कंपनीनं त्याला मोठं गोंडस नाव दिलं होतं, पण लोक त्याला मायेचा काटा म्हणत. आकडा जितका मोठा, तितक्या त्या दोघांच्या जागा आपोआप लांब पडत. शेजारी यायचं तर आकड्याप्रमाणं रक्कम भरा. परक्यांना मात्र यंत्र साध्या तिकिटात शेजारीशेजारी बसवी, कारण त्यांच्याकडून निघण्यासारखं काही नसे.

देवाच्या दारात माया तोलत नाहीत म्हणून तर आपण तिथं जातो. पण विमान काही देवाच्या दारातून सुटत नाही.

केतकी फोनवर म्हणाली, “बाबा, तुमचा आकडा किती येणार मला माहितीये. मी कर्ज काढते, पण शेजारी बसा.”

“बायकोशेजारी बसायला लेकीनं कर्ज काढायचं?” बुवा उसळले. “बोहल्यावर कुणी मागितलं नव्हतं भाडं! अगं, चाळीस वर्षं मी मंडप रडवला आणि आपला डोळा ओला होऊ दिला नाही. मला कॅमेरा फसवता येणार नाही?”

“तुम्हाला येईल हो. आईला?”

“तुझ्या आईला मी शिकवतो.”

अभिमान हा फार सभ्य पाहुणा असतो. जोडे बाहेर काढून आत येतो, आणि घर कधी त्याचं होतं ते कळत नाही.

शिकवणी स्वयंपाकघरात सुरू झाली. घरच्या घरी आकडा दाखवणारी एक सोय फोनवर मिळत होती. सगळं गाव तिच्यापुढं रुसण्याची तालीम करत होतं. बुवांनी फोन डब्यांच्या फळीवर उभा केला.

“हे बघ नीला. माझ्याकडे बघायचं आणि मनात म्हणायचं, हा खांब आहे.”

नीलाबाईंनी त्यांना पायापासून पगडीपर्यंत न्याहाळलं. “खांबाला चहा करू का?”

“अगं, हसायचं नाही.”

“खांब बोलतोय की!” आणि त्या पोट धरून हसल्या. फोनवरचा आकडा टोकाला जाऊन थरथरत राहिला.

मग बुवांनी दुसरा उपाय काढला. सवयच मोडायची. त्यांनी तिला नावानं हाक मारणं बंद केलं. शाल खुंटीवर राहू लागली. ती चौकात उभी असली की ते नजर न देता बाजूनं निघून जात, उजव्या पायाचा अंगठा आत ताल धरून. पहिले काही दिवस ती मागं मागं आली. “अहो, रागावलात का? अहो, काय झालं?” बुवा मनात म्हणत, खांब, खांब. मग ती मागं यायची थांबली.

आकडा उतरू लागला.

काही दिवस तर असे येत की बुवा समोरून गेले तरी तिच्या ठोक्यात कणभर फरक पडत नसे. ती शांतपणे खिडकीबाहेर बघत बसे. बुवा टाळी वाजवत. “शाब्बास! आज काय सुरेख जमलंय तुला!” ती त्यांच्याकडे बघून हसे. पाहुण्याकडे बघून हसतात, तशी.

डॉक्टरांनी कुठला धागा सांगितला होता, ते बुवांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी स्वतःशी म्हटलं, एकदा पर्थला उतरलो की पुन्हा बांधू.

पुण्याच्या विमानतळावर त्या बोळापुढं रांग होती, आणि रांगेत कुणाचं कुणाला सुतक नव्हतं. हातावरची मेंदी न उतरलेली नवी नवरी नवऱ्यावर खेकसत होती, “तुझ्या आईनं दिलेली साडी मी नेसणार नाही म्हणजे नाही!” तो ओठ न हलवता पुटपुटत होता, “अजून जोरात, अजून जोरात.” एक आई लेकराचा हात झिडकारत होती आणि लेकरू खरंच रडत होतं. सगळ्या बोळात आपलं म्हणून कुणीच नव्हतं.

बुवांची पाळी आली. नीलाबाई पुढं गेल्या. मध्ये काच लागली. पलीकडून त्यांनी वळून पाहिलं. बुवांनी अंगठा दाबला. धा धिं धिं धा. समोर खांब आहे. नीलाबाईंची नजर त्यांच्यावरून सरकून मागच्या बॅगांवर गेली.

दाराच्या पाटीवर अक्षरं उमटली: परस्पर अनोळखी. खाली जागा लिहून आल्या, एकमेकांना लागून.

बुवांना वाटलं, नानाबुवा असते तर आज पाठ थोपटली असती.

विमान उडालं. खाली ढग लागले, ऊन पंखावर आलं. बुवांनी मोठा श्वास सोडला आणि कितीतरी दिवसांनी बायकोचा हात हातात घेतला.

“जिंकलो गं. झालं आता. संपलं नाटक.”

तिनं हात ओढून घेतला.

“अहो, काय हे?”

“अगं, आता कुणी बघत नाही. नीला, मी आहे.”

“कोण तुम्ही?” ती खिडकीकडे सरकली. आवाज बारीक झाला. “माझे मिस्टर आहेत बरोबर. येतील आत्ता. हात लावू नका मला.”

बुवा हसले. तिला अजून तालीमच वाटतेय, असं समजून त्यांनी पुन्हा तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती किंचाळली नाही. तिनं डोक्यावरची घंटा दाबली.

आली ती हवाईसेविका आपल्याच मुलखातली होती, संगमनेरची, नाव अन्वी. नीलाबाई तिचा हात धरून म्हणाल्या, “पोरी, हे गृहस्थ सारखे अंगाला हात लावतायत. ह्यांना उठव.”

“अहो ताई, नवरा आहे मी हिचा!” बुवांचा खर्ज साऱ्या विमानात घुमला. “पासपोर्ट बघा!”

अन्वीनं पासपोर्ट बघितलाच नाही. हातातल्या पाटीच्या पडद्यावर तिनं दोन्ही खुर्च्यांचे आकडे काढले. खुर्च्यांच्या पाठीतही तोच काटा बसवलेला होता, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी. बुवांचा आकडा टोकाला भिडला होता. नीलाबाईंचा शून्य.

“आजोबा, कागदावर नवरे खूप असतात,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मारझोड करणारेसुद्धा कागद घेऊनच येतात. म्हणून आता कायदा बाईचा शब्द धरतो आणि काटा धरतो. बोळात तुम्ही अनोळखी आलात. आता तुमच्याकडून एवढी ओढ आणि त्यांच्याकडून काहीच नाही. यंत्र ह्याला एकतर्फी म्हणतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या खुर्चीवर लाल दिवा लागलाय. उतरताना लागलेला असला तर पोलीस दाराशी येतील. तुम्हाला तिथूनच परत पाठवतील, आणि आजींची चौकशी होईल.”

चौकशी होईल. एवढ्या एका शब्दात बुवांना सगळं दिसलं. वार विचारतील, गाव विचारतील, लेकीचं नाव विचारतील. “तिला आठवत नाही हो काही,” हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. पण तेच तर सांगायचं नव्हतं. त्यांनी ते गिळलं आणि उठले.

त्यांना अगदी मागं बसवलं. तिथून त्यांना तिचं डोकं दिसत होतं, पिकलेल्या केसांचा सैल अंबाडा. त्यांचं लक्ष तिथून हटेना, आणि डोक्यावरचा लाल दिवा विझेना. त्यांनी नामस्मरण करून पाहिलं. देवाच्या नावामागं तिचंच नाव येई आणि दिवा जास्तच तापे.

मग ती उठली. वाटेत उभी राहून तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि निघाली, प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडे बघत. “अहो,” ती म्हणत होती. “अहो, कुठं आहात?” कुणी तिला बसा म्हणालं, कुणी हसलं. फिरत फिरत ती बुवांच्या रांगेशी आली, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दचकून मागं सरली.

अन्वी धावत आली. “आजी, तब्येत बरी नाही का? तुमचं नाव काय सांगितलंत?”

बुवांनी डोळे मिटले.

अंगठा त्यांनी जोड्यात इतका दाबला की नखात कळ गेली. धा धिं धिं धा. बोहल्यावरची ती आठवली, तिच्या जागी खांब उभा केला. पेटीवरची ती आठवली, तिथंही खांब उभा केला. केतकीला पहिल्यांदा मांडीवर घेतलेली ती, काशीच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसलेली ती, एकेकीला त्यांनी दगडात चिणत नेलं. मंडप रडवताना हा माणूस कोरडा राहायला शिकला होता. त्या दिवशी त्याच्यापुढं मंडप नव्हता.

डोळे उघडले तेव्हा दिवा हिरवा होता.

“ताई,” बुवा अन्वीला म्हणाले. आवाजात कंप नव्हता, काहीच नव्हतं. “बाईमाणूस घाबरलंय. सोबतीला कुणी हवंय. मघाशी चूक झाली माझी, चेहरा सारखा वाटला. आता शांत आहे मी. बघा तुमचा काटा.”

अन्वीनं पाटी पाहिली. शून्य आणि शून्य. ती नीलाबाईंकडे वळली. “आजी, हे शेजारी बसले तर चालेल?”

नीलाबाईंनी त्यांना नीट निरखलं. “चालेल की. हे भले दिसतात. मघाचा तो माणूस नको.”

आणि अशा रीतीनं विश्वंभरबुवा आपल्या बायकोशेजारी बसले.

ती निवली. जेवण आलं, तिनं डाळभात कालवून खाल्ला. लोणच्याची पुडी उघडेना, ती बुवांनी उघडून दिली, परक्यानं द्यावी तशी. मग तिला बोलावंसं वाटलं.

“तुमची मंडळी नाहीत का बरोबर?”

“आहेत.”

“लांब बसवलंय वाटतं. हल्ली तसंच करतात म्हणे.” तिनं मान हलवली. “आमचे हे कीर्तनकार. मी पेटी धरते त्यांना. असा आवाज तुम्ही ऐकला नसेल. देवमाणूस हो. पण हल्ली...”

तिनं रिकामी पुडी घडी केली. बुवांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“हल्ली बोलत नाहीत माझ्याशी. समोर आले तरी बाजूनं निघून जातात. हाक म्हणून मारत नाहीत. माझ्या हातून काय चुकलं तेच कळत नाही मला. तुमच्यासारख्या शहाण्या माणसाला कळेल. कुठं भेटले तर विचाराल त्यांना?”

धा धिं धिं धा.

“विचारीन.”

“म्हणावं, जे चुकलं असेल ते पोटात घाला. म्हणावं, तुमची...” ती अडली. कपाळाला आठी पडली. ओठ दोनतीनदा हलले, आणि मग भीती तिच्या डोळ्यांत पाण्यासारखी चढत आली. “अहो, माझं नाव काय हो? आत्ता तर होतं. तुम्हाला सांगितलं का मी मघाशी?”

ते नाव बुवांच्या जिभेवर होतं. नुसतं उच्चारलं असतं तर तिच्या डोळ्यांतलं पाणी उतरलं असतं. आणि डोक्यावरचा दिवा लाल झाला असता, पोलीस दाराशी आले असते, आणि काचेपलीकडे उभी असलेली केतकी आईवडिलांची परत फिरलेली पाठ बघत राहिली असती.

“नाही सांगितलंत,” बुवा म्हणाले. “राहू द्या. आठवेल.”

दिवा हिरवाच राहिला. तिनं मान खिडकीकडे वळवली आणि ओठ हलवत, आपलं नाव शोधत बसली.

ते दोघं पर्थला उतरले. केतकीनं आईला मिठी मारली. आईनं ती सोसली. पुढं बुवांनी तिला किती हाका मारल्या, किती वेळा तो धागा बांधू पाहिला, ते मी सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे काय झालं असेल ते.

आता आरती होईल, बुक्का लागेल, तुम्ही उठाल. उठण्याआधी एवढं करा. त्या बाईचं नाव तिला सापडलं नाही, आणि ज्याच्या जिभेवर होतं त्याला ते घेता आलं नाही. तुमच्या डोक्यावर दिवा नाही. तुम्ही घ्या. नीलांबरी. नीलांबरी विश्वंभर सोनटक्के, अंबाजोगाईच्या. तिची आठवण ठेवा, बाबांनो.